पांढरी की पत्र्याची

बाबांच्या परतीच्या तिकिटावर ५ ऑक्टोबर होतं आणि अर्धा ऑगस्ट संपला तरी माझी बोट ठरत नव्हती. ही २०२२ची गोष्ट. लेक सेंट क्लेअर आमच्या मिशिगनमधल्या घरापासून वीस मिनिटांवर, पलीकडे कॅनडा. वेंगुर्ल्यात वाढलेल्या माणसाला दरवेळी काठावरून पाणी दाखवून परत पाठवायचं, याची आता लाज वाटायला लागली होती.

बजेट ८,००० डॉलर. त्यात दोनच उरल्या. एक २००४ची, १८ फुटी, फायबरग्लासची. पांढरीशुभ्र, पुढे बसायला गाद्या, इंजिन पोटात, मीटरवर फक्त २१० तास. दुसरी २००८ची, १६ फुटी, अ‍ॅल्युमिनियमची. मागे ६० हॉर्सपॉवरचं यामाहा आउटबोर्ड, ९०० तास चाललेलं. बाजूला दोन पोचे, सीटला माशांचा वास.

मी पांढरीच्या प्रेमात होतो. कारणही होतं. हा तलाव सरासरी जेमतेम ११ फूट खोल. जरा वारा सुटला की आखूड, उभ्या लाटा उठतात. पांढरीचा खोल, निमुळता तळ त्या कापत जाणार, पत्र्याची आपटणार.

बाबा तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. २१० तास ऐकून म्हणाले, "अठरा वर्षांत? म्हणजे वर्षाला बारासुद्धा नाहीत. उभीच होती की रे ही!"

मग फणस वाजवून बघावा तशी ते बोटीची मागची भिंत वाजवत गेले. वर टणटण. खाली, इंजिनाचं शेपूट बाहेर येतं तिथे, भदभद. या भिंतीत फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड असतं. स्क्रूच्या भोकातून पाणी झिरपलं की ते आतल्या आत कुजतं, वरून मात्र सगळं चकचकीत. मी मालकाला विचारलं, हिवाळ्याआधी इंजिनातलं पाणी कोण काढायचं? तो म्हणाला, "एक मित्र." ते पाणी आत राहून गोठलं तर ब्लॉकच तडकतो. आउटबोर्ड उभं ठेवलं की निथळून मोकळं होतं.

सर्व्हेयर बोलावता आला असता. चारशे डॉलर वाचवले आणि बाबांच्या बोटांवर सोडलं.

पत्र्याची घेतली. कागदपत्रं होईपर्यंत सप्टेंबर निम्मा गेला. पहिल्या रविवारी बाबांनी हात बुडवून पाणी चाटलं. "गोडं आहे," म्हणाले, जणू कुणीतरी फसवलं असावं. दुसऱ्या रविवारी वारा होता. चाळीस मिनिटं बोट आपटत राहिली आणि बाबा दोन्ही हातांनी सीट धरून गप्प बसले. रात्री मी त्यांच्या कमरेला बाम चोळून दिला.

"ती पांढरी गेली का रे कुणाला?" त्यांनी उशीत तोंड खुपसूनच विचारलं.

जाहिरात अजून तशीच होती, किंमतही उतरली होती. "गेली," मी म्हणालो.