बाटलीत काय आहे?

आमच्या मुळशीत गाठ आली की आधी पाय बघतात. काटा भरला, खिळा रुतला की जांघेत अवधाण येतं, हे इथं पोरासोरांनाही ठाऊक. मला गाठ आली ती मानेला, जबड्याखाली. आई म्हणाली, "दाढ किडली आसंल." दाढ धड होती. भाताची आवणी उरकेपर्यंत मी तिकडं बघितलं नाही. तोवर एकीच्या तीन झाल्या. आजीनं चाचपून एकच शब्द उच्चारला, "गंडमाळ."

दुखत नव्हत्या, हेच फसवं. संध्याकाळी थोडी कणकण, बस्स.

पहिल्यांदा जिथं दाखवलं तिथं एक गाठ कापून काढली आणि अख्खी फॉर्मालिनच्या बाटलीत टाकली. रिपोर्ट आला : ग्रॅन्युलोमा, मधला भाग चक्क्यासारखा मऊ, टीबी असावा. असावा! जंतू औषधाला दाद देईल का, ते त्या बाटलीतून कळायची सोय नव्हती. फॉर्मालिन मांस टिकवतं, पण जंतू मारतं, आणि मेलेला जंतू कल्चरमध्ये वाढत नाही. अर्धी गाठ साध्या सलाईनमध्ये ठेवली असती तर मान पुन्हा टोचावी लागली नसती. याचा राग अजून गेलेला नाही.

मग भर पावसात पौडहून पुणं गाठलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी दुसऱ्या गाठीत बारीक सुई घालून पिवळट पू ओढला. थोडा काचेवर पसरला, उरलेला सलाईनमध्ये. काचेवर झील-नील्सन रंग दिला की टीबीचे जंतू लाल काड्यांसारखे दिसतात. माझ्या काचेवर एकही दिसला नाही. मी खूश! बाई म्हणाल्या, "गाठीत जंतू मोजकेच असतात. काचेवर नाही सापडले म्हणजे नाहीतच, असं नसतं."

सापडला तो सीबीनॅटला. हे यंत्र जंतूचा डीएनए शोधतं आणि रिफाम्पिसिन लागू पडेल का तेही सांगतं, साधारण दोन तासांत. माझ्यावर लागू पडणार होतं. कल्चर 42 दिवसांपर्यंत ठेवतात. त्याची वाट न बघता सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या दिवशी लघवी केशरी झाली, तेव्हा मात्र टरकलो. गोळीचाच रंग तो.

घरी आईनं माझं ताट-तांब्या वेगळा काढला होता. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता, नुसत्या गाठीचा टीबी खोकल्यातून पसरत नाही, हे तिला डॉक्टरांच्या तोंडून ऐकवावं लागलं. तरी तांब्या आठवडाभर वेगळाच राहिला.

दुसऱ्या महिन्यात तिसरी गाठ एकदम फुगली. औषध वाया गेलं म्हणून हबकलो. बाईंनी दाबून बघितली. "औषध लागू पडत असतानाही कधी कधी फुगते. तरी पू तपासून घेऊ." त्यांनी सुई उचलली. मी मान वळवण्याआधी टेबलाकडं बघितलं.

"बाई, त्या बाटलीत काय आहे?"

"सलाईन," त्या हसत म्हणाल्या. "वळवा मान."