जागच्या जागी झिजणारं बेरिंग

मागून येणारा कर्र आवाज पेडलचा की सीटचा, यावर आमच्या कोंढ्यात ज्याचं त्याचं वेगळं मत होतं. सायकल नागपूरहून जुनी आणलेली, डोंगरात चालवायची, पुढेमागे दोन्हीकडे शॉकर असलेली. गावात तिला ‘डबल शॉकर’च म्हणतात. आमच्या चौरास भागात डोंगर कुठला? मी ती धुऱ्यांवरून, पांदणीने आणि गोसीखुर्दच्या कालव्याच्या पाळीवरून पळवतो. पावसाळाभर बांधीतला चिखल तिच्या सांध्यासांध्यांत जाऊन बसतो.

आवाजाचा शोध घ्यायचा तर मागचा शॉकर सोडवायचा आणि फ्रेमचा मागचा भाग हाताने उचलून सोडून द्यायचा. तो आपल्या वजनाने अलगद खाली आला पाहिजे. माझा अर्ध्यावरच अडकला. डावीउजवीकडे हलवला तर मुख्य सांध्यात खेळ लागत होता. बेरिंगं गेली होती.

पंख्याचं बेरिंग मिनिटाला तीनशेच्या वर फेरे मारतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. सायकलच्या सांध्यातलं बेरिंग पुरता एक फेरा कधीच मारत नाही, खड्ड्यागणिक चार-दोन अंश मागेपुढे हलतं, तरी आधी मरतं. कारण छर्रे त्याच त्या जागी दाबले जातात, ग्रीस एकदा बाजूला सरकलं की परत येत नाही, आणि तेवढ्यात पाणी शिरलं की गंज धरतो. पॅरिसच्या ज्यूल सुरिरे यांनी १८६९ मध्ये सायकलसाठी छर्ऱ्यांच्या बेरिंगचं पेटंट घेतलं ते चाक सहज फिरावं म्हणून. न फिरण्याच्या कामाला आपण ते नंतर जुंपलं.

भंडाऱ्यातल्या दुकानदाराने ‘पंधराचं भोक’ ऐकताच ६२०२ काढून दिलं. पंख्याला तेच लागतं. मला हवं होतं ६९०२. दोन्हींत शेवटचे ०२ म्हणजे १५ मिमीचं भोक, पण ६२०२ बाहेरून ३५ मिमी आणि ६९०२ फक्त २८, रुंदी ७. म्हणून सायकल नव्हे, जुन्या बेरिंगवरचा नंबर दुकानात न्यावा. छर्ऱ्यांमधली जाळी काढून जास्त छर्रे भरलेला एक प्रकार खास अशा सांध्यांसाठी मिळतो. मुख्य सांध्यासाठी तो मागवला, बाकी ठिकाणी साधी रबर सीलची घेतली. सगळीकडे महाग माल घालण्यात मला अर्थ वाटत नाही.

एक बेरिंग काढताना गंजलेली आतली रिंग छर्ऱ्यांसकट हातात आली आणि बाहेरची रिंग फ्रेममध्येच राहिली. मागून ठोकायला जागा नाही. गेट-ग्रिल बनवणारे शेजारचे काका वाकून बघू लागले. “हे काय करून रायला रे बाबू?” मी दाखवलं. त्यांनी भिंतीत गेट बसवायचा जाडा अँकर बोल्ट आणला. तो रिंगमध्ये घालून आवळला की त्याची बाही फुगते आणि छर्ऱ्यांच्या खाचेत पकडते. सांध्यावर मी उकळतं पाणी ओतलं. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. मग बोल्ट ओढला, रिंग बाहेर. कंपनीच्या पुलरची किंमत मी आधी बघून ठेवली होती, म्हणून आनंद जरा जास्तच झाला.

नवं बेरिंग बसवण्याआधी ब्लेडच्या टोकाने सील उचलून ग्रीस गच्च भरलं. वेगाने फिरणाऱ्या बेरिंगमध्ये इतकं भरत नाहीत, तापतं. इथे वेगच नाही. बेरिंगं रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली, तेव्हा आई एवढंच म्हणाली, “दुधाच्या पिशवीजवळ नको ठेवू, बापा.” फ्रेम भर दुपारी अंगणात तापत ठेवली. मग लांब आट्यांचा रॉड, दोन नट, जाड वायसर आणि दाबायला काढलेलंच जुनं बेरिंग, बाहेरून पॉलिश पेपरने थोडं घासून, म्हणजे ते स्वतःच आत अडकत नाही. दाब बाहेरच्या रिंगवरच पडला पाहिजे. आतल्या रिंगवर दाबलं तर सगळा जोर छर्ऱ्यांतून जातो आणि नव्या बेरिंगच्या खाचेत सुरुवातीलाच खड्डे पडतात. हातोडी मी खोलीबाहेरच ठेवली होती. पहिला अर्धा मिलिमीटर सरळ गेला की पुढचं काम नट करतो. तिरकं वाटलं की थांबायचं, काढायचं, पुन्हा लावायचं.

बोल्टच्या आट्यांना निळं लॉकटाइट लावलं. लाल लावलं तर पुढच्या वेळी तापवल्याशिवाय सुटत नाही. शॉकर जोडण्याआधी मागचा भाग उचलून सोडला, तो सरळ खाली आला. तरीही सर्व्हिसिंग सेंटरचा पाण्याचा फवारा आता सांध्यांपासून लांबच. रबर सील धूळ अडवते, तो जोर नाही.

अँकर बोल्ट परत द्यायला गेलो, तर काका पाण्याच्या मोटरचं बेरिंग उघडून बसले होते. “आण इकडे,” म्हणाले, “याचीही रिंग अडकली आहे.”