दाराची न दिसणारी कड

तीन वर्षांपूर्वीच्या जुलैमधली गोष्ट. तेव्हा आम्ही बदलापुरात भाड्याच्या घरात राहत होतो. पाऊस आठ दिवस थांबलेला नव्हता. फजरच्या आधी माझ्या सासूबाई, ज्यांना घरातले सगळे अम्मी म्हणतात, वजू करायला न्हाणीघरात गेल्या आणि आतच अडकल्या. कडी काढलेली होती, पण दार फुगून चौकटीत घट्ट बसले होते. अम्मींचे वय सत्तरीच्या पुढे, त्यात दमा. दार आत उघडणारे आणि अम्मी त्याच्याच मागे, म्हणून जोराने ढकलायचीही भीती. शेवटी त्यांना मागच्या भिंतीला टेकून उभे राहायला सांगितले आणि शेजारच्या मुलाने खांदा लावला, तेव्हा दार उघडले. वीस मिनिटे गेली असतील. त्या दिवशीची फजर अम्मींनी खुर्चीवर बसून अदा केली. नंतर कितीतरी दिवस त्या न्हाणीघराचे दार लावून घेत नव्हत्या. बाहेर मला उभे करून दार अर्धवट लोटून ठेवत. एवढ्या पडदानशीन बाईवर ही वेळ यावी, याचे मला फार वाईट वाटले.

दार दुरुस्त करायला सुतारमामा आले. त्यांनी ते बिजागऱ्यांवरून उतरवले आणि आडवे करून मला खालची कड दाखवली. समोरून दार आरशासारखे चमकत होते, पण खालच्या कडेला वॉर्निशचा थेंबही नव्हता. लाकूड कोरे, काळपट आणि ओले होते. मामा म्हणाले, "बाई, लाकूड पाणी पितं ते इथून. तोंड धुतलं आणि पाय तसेच ठेवले, असं झालंय हे."

मामा बारवी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या एका गावचे. बारवीचे पाणी उल्हासनगर, अंबरनाथ, कल्याण-डोंबिवलीपर्यंत आणि इथल्या कारखान्यांपर्यंत जाते, हे मी वर्गात नेहमी शिकवते. पण त्या पाण्यासाठी, पुढे धरणाची उंची वाढवतानाही, माणसे आपली घरे सोडून उठली, हे मला मामांमुळे नीट कळले. निघताना त्यांनी घराचे सागवानी दार काढून सोबत आणले होते. चौकट भिंतीत घट्ट होती, ती तिथेच राहिली. ते दार आजही त्यांच्या घराला आहे. त्यांचे वडील दर वर्षी पावसाच्या तोंडावर दार उतरवून खाली-वर जवसाचे तेल चोळत. "पुढून नाही घासलं तरी चालंल, पण खालून तेल चुकवायचं नाही," असे ते सांगत.

गेल्या वर्षी अल्लाहच्या कृपेने मूळगावच्या बाजूला, बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमचे छोटे घर उभे राहिले. पाच दारे सागवानाची करायची ठरली, आणि ती मामांनीच केली. एप्रिलमध्ये दारे आली, तेव्हा मामांनी ती लगेच बसवू दिली नाहीत. पंधरा दिवस घरातच आडवी, मध्ये पट्ट्या घालून ठेवायला लावली. लाकडाला घरातली हवा सोसू द्यावी लागते. घाईने रंगवले तर ओल आत कोंडते.

रंगारी म्हणाला, एका दिवसात स्प्रेने मेलामाइन मारून देतो. मी मात्र आधी चौकशी केली. चपडा लाखेचे स्पिरिट पॉलिश दिसायला सगळ्यांत देखणे. ही लाख झाडांवरच्या किड्यांपासून मिळते आणि स्पिरिटमध्ये विरघळते. अम्मींनी लगेच विचारले, "स्पिरिट म्हणजे दारूच ना?" इमाम साहेबांना विचारले. ते म्हणाले, या मसल्यावर उलमांची सविस्तर चर्चा आहे, पण पॉलिशचे स्पिरिट विषारी केलेले असते, पिण्याचे नसते आणि उडून जाते, म्हणून आपली हरकत नाही. तरीही अम्मींचे मन मानेना. शिवाय त्या पॉलिशवर पाणी पडले की पांढरे डाग पडतात, म्हणजे न्हाणीघराला ते निरुपयोगीच. मेलामाइन कडक आणि चकचकीत खरे, पण त्याचा वास उग्र, आणि एका जागी खरवडले तर तेवढेच दुरुस्त करणे अवघड. नुसते जवसाचे तेल लाकडाला छान, पण दर वर्षी लावावे लागते. शेवटी तेलातले पॉलियुरेथेन वॉर्निश घेतले, कमी चमकेचे. ते पाण्याला बरे तोंड देते, ब्रशने घरी लावता येते आणि पुढे वरून नवा हात देता येतो. लाकूड थोडे मधाळ दिसते, ते मला आवडलेच.

मे महिन्याची सुट्टी होती. मी आणि धाकट्या मुलाने दारे स्वतः रंगवायची ठरवली. आधी त्याला हिशेब घातला. सात फूट बाय तीन फुटांचे दार, दोन्ही बाजू मिळून 42 चौरस फूट. जाडी दीड इंच. मग फक्त वरची आणि खालची कड किती? त्याने मांडले : सहा फूट लांबी, दीड इंच रुंदी, म्हणजे पाऊण चौरस फूट. साऱ्या दाराच्या दोन टक्केही नाही! आणि उभ्या पट्ट्यांची टोके नेमकी तिथेच उघडी असतात. लाकूड सगळ्यांत जास्त ओल टोकांतून शोषते आणि रुंदीत फुगते.

काम असे केले. आधी 100 नंबरच्या पॉलिश पेपरने, मग 150 आणि 180 ने रेषांच्या दिशेने घासले. आडवे घासले तर ओरखडे वॉर्निशखाली उठून दिसतात. सागात स्वतःचे तेल असते, त्याने वॉर्निश वाळायला उशीर होतो, म्हणून थिनरच्या फडक्याने दार पुसले. डबा हलवायचा नाही, काठीने हळू ढवळायचे, नाहीतर बुडबुडे येतात. पहिला हात थिनर घालून पातळ, तो लाकडात मुरतो. त्यानंतर दोन हात घट्ट, मध्ये रात्रभर वाळवून 320 नंबरने हलके घासून. प्रत्येक वेळी सुरुवात खालच्या आणि वरच्या कडेपासून केली. खिडक्या उघड्या ठेवल्या, जवळ चूल पेटू दिली नाही. मामांनी आणखी एक बजावले : तेलाची किंवा वॉर्निशची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती पाण्यात बुडवून मगच फेकावीत.

एक दार माझ्याच घाईने बिघडले. जूनच्या पहिल्या सरीनंतर, संध्याकाळी दिवा लावून मी शेवटचा हात मारला. हवा दमट, वॉर्निश दोन दिवस चिकटच राहिले आणि पावसाळी किडे त्यावर बसून अडकले. पुन्हा घासून, कोरडा दिवस पाहून सारे परत करावे लागले.

दारे बसवताना मामांनी चौकट आणि दार यांच्यामध्ये दोन नाणी एकत्र सरकतील एवढी फट ठेवली. कोणतेही वॉर्निश ओल पूर्ण अडवत नाही, फक्त तिचा वेग कमी करते. लाकूड थोडे हलणारच, त्याला जागा हवी. जुलैत स्वयंपाकघराचे दार वर किंचित घासू लागले. मामांनी रंधा मारला आणि जाताना सांगितले, "तासलेल्या जागी आजच हात मारा, बाई." मी त्याच दिवशी मारला.

आपल्या दीनमध्ये इहसानची शिकवण आहे : इबादत अशी करावी की जणू आपण अल्लाहला पाहत आहोत, आणि आपण पाहत नसलो तरी तो आपल्याला पाहतोच आहे. मी ही शिकवण लहानपणापासून ऐकत आले, पण नमाज-रोजाशीच जोडत होते. भाड्याच्या घराच्या दाराची ती कड कुणी पाहणार नाही म्हणून कोरी सोडली गेली, आणि एक म्हातारी बाई फजरच्या वेळी कोंडली गेली. कसूर पाऊण चौरस फुटाची होती. तेव्हापासून वर्गात वह्या तपासताना, जे मूल कधी पुढे येत नाही, तक्रार करत नाही, त्याची वही मी आधी उघडते.

यंदाच्या पावसात अम्मी नव्या न्हाणीघराचे दार पूर्ण लावून घेतात. पहाटे कडीचा आवाज येतो, थोड्या वेळाने पुन्हा येतो, आणि अम्मी बाहेर येतात. मामांच्या घरीही ते जुने दार अजून सहज मिटते. त्याची चौकट मात्र बारवीच्या पाण्याखाली आहे. आमच्या परिसरातल्या घरांना ज्यांच्यामुळे पाणी मिळते, त्या साऱ्यांच्या नव्या घरांत अल्लाह बरकत देवो. आमीन.