शिक्षा आणि शिक्षण

रायपूरच्या मराठी घरातील मूल शाळेत जाऊ लागते, तेव्हा काही ओळखीचे शब्दच त्याला प्रथम बुचकळ्यात टाकतात. घरात ‘शिक्षा’ म्हणजे कान धरून कोपऱ्यात उभे राहणे. शाळेच्या भिंतीवर मात्र तीच ‘शिक्षा’ मोठ्या आदराने रंगविलेली असते. घरी ‘संसार’ आईवडिलांपुरता असतो, पुस्तकात तो सारे जग व्यापतो. घरी ‘चेष्टा’ केली म्हणून बोलणी बसतात, वर्गात ती केली नाही म्हणून. लिपी तीच, शब्द तोच, अर्थ मात्र वेगळा. दुसरी भाषा कोऱ्या पाटीवर लिहिली जात नाही, तिच्याआधी तेथे कोणीतरी लिहून ठेवलेले असते, ही गोष्ट भाषाशास्त्राने सांगण्यापूर्वीच या मुलाला अशी अनुभवाने कळते.

रायपूरला मराठी भाषा आली ती नागपूरकर भोसल्यांच्या मागून. 1741 मध्ये भास्करपंतांची स्वारी छत्तीसगडावर झाली. पुढे बिंबाजी भोसल्यांनी रतनपूरहून कारभार पाहिला. 1818 नंतर सत्तेचे ठाणे रायपूरला हलले आणि 1861 मध्ये मध्य प्रांत निर्माण झाल्यावर नागपूर व रायपूर एकाच प्रांताचे भाग झाले. कारकून, वकील, शिक्षक येत राहिले व इथलेच झाले. 1935 पासून चालत आलेले महाराष्ट्र मंडळ, तात्यापारा किंवा लाखेनगर यांसारखी वस्त्यांची नावे या वास्तव्याची साक्ष देतात. या घरांतून दोन भाषा एकत्र नांदल्या. त्यांचे नाते कसे असावे, हा प्रश्न मात्र वर्गात अनुत्तरितच राहिला.

कारण वर्गाचा दंडक निराळा होता. नवी भाषा शिकायची तर जुनी उंबऱ्याबाहेर ठेवावी, असे प्रत्यक्ष पद्धतीचे पुरस्कर्ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सांगत आले. 1961 मध्ये युगांडातील मकेरेरे येथे भरलेल्या परिषदेने इंग्रजी ही इंग्रजीतूनच शिकवावी, या मताला जणू शास्त्राची प्रतिष्ठा दिली. रॉबर्ट फिलिप्सन यांनी 1992 मध्ये या मतामागील गृहीतकांची झाडाझडती घेतली. तोपर्यंत हा दंडक देशोदेशींच्या शाळांत रुजला होता. महाराष्ट्रातील कित्येक पिढ्या मात्र तर्खडकरांच्या ‘भाषांतर पाठमाले’चे बोट धरून, मराठी वाक्याच्या आधारानेच इंग्रजीत शिरल्या. त्या पद्धतीने बोलण्याचा धीटपणा दिला नाही, हा आक्षेप खराच आहे. परंतु दोन वाक्ये शेजारी ठेवून त्यांतील अंतर न्याहाळण्याची जी सवय तिने लावली, ती बुद्धीची मोठीच कमाई होती.

हे अंतर न्याहाळणे म्हणजे काय, ते एका चुकीवरून उमगते. मराठी मूल हिंदीत ‘मैं आम खाया’ म्हणते. तेच मूल ‘उसने आम खाया’ हे मात्र बिनचूक म्हणते. हा धांदरटपणा नव्हे. मराठीत ‘त्याने आंबा खाल्ला’ असे असले तरी ‘मी आंबा खाल्ला’ येथे ‘मी’ला ‘ने’ लागत नाही. मूल आपल्या घरच्या व्याकरणाशी प्रामाणिक असते. ‘मेरा पुस्तक’ या चुकीचेही तसेच. मराठीतील नपुंसकलिंगी पुस्तक हिंदीत स्त्रीलिंगी होते, याचा त्याला पत्ता नसतो. एस. पिट कॉर्डर यांनी 1967 मध्ये चुकांकडे शिकणाऱ्याच्या विचारप्रक्रियेचा पुरावा म्हणून पाहावयास सांगितले ते याच अर्थाने. ज्या शिक्षकाला मराठी ठाऊक आहे, तो हा नियम दोन वाक्यांत उलगडतो. ज्याला ठाऊक नाही, तो लाल शाईची रेघ ओढतो.

पण रायपूरच्या वर्गात मराठी मूल अल्पसंख्य. त्याच्या शेजारी बसलेले छत्तीसगढी मूल या प्रश्नाचे खरे ओझे वाहत असते. त्याच्या भाषेत राम ‘जाथे’ आणि सीताही ‘जाथे’. क्रियापद लिंगानुसार बदलत नाही. ‘लइका मन’ म्हटले की मुलांचे अनेकवचन झाले. हिंदीच्या कर्त्याला लागणारा ‘ने’ तेथे नाही. असे असताना त्याची भाषा ही हिंदीच, फक्त अशुद्ध, असे समजून त्याला शिकवले जाते. मराठी मुलाची चूक निदान परक्या भाषेची म्हणून क्षम्य ठरते. छत्तीसगढी मुलाची चूक गावंढळपणाची खूण ठरते. मग ते मूल गप्प होते, आणि हे गप्प होणे म्हणजेच त्याची मंदबुद्धी, असा निष्कर्ष निघतो. वास्तविक धमतरीचे हिरालाल काव्योपाध्याय यांनी या भाषेचे व्याकरण 1885 मध्येच सिद्ध केले होते आणि ग्रियर्सन यांनी ते 1890 मध्ये इंग्रजीत आणले. 2007 मध्ये छत्तीसगढीला राजभाषेचा दर्जा मिळाला. तथापि 2011 च्या जनगणनेत तिच्या सुमारे एक कोटी बासष्ट लाख भाषकांची गणना हिंदीखालीच झाली. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा माध्यम असावी, असे म्हटले आहे. मात्र धोरण वर्गात पोहोचते ते शिक्षकाच्या कानावाटे. त्या कानाला ‘जाथे’ हा नियम वाटतो की दोष, यावर सारे अवलंबून आहे.

पहिली भाषा दुसरीला काय देऊ शकते, याचा दाखला याच भूमीत आहे. माधवराव सप्रे मराठी घरातले. शिक्षण बिलासपूर-रायपूरकडे झालेले. 1900 मध्ये पेंड्राहून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. त्यातच 1901 मध्ये त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा आली, जिला हिंदीतील पहिली कथा मानणारे अभ्यासक आहेत. लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ आणि समर्थांचा ‘दासबोध’ त्यांनी हिंदीत नेला. 1924 मध्ये ते देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. 1926 मध्ये रायपुरात निवर्तले. त्यांची हिंदी मराठीला विसरून घडली नाही. मराठीचे वैचारिक गद्य पाठीशी होते म्हणून ती त्या वजनाची झाली. राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात 1958 पासून अध्यापन करणारे गजानन माधव मुक्तिबोधही मराठी घरातले. त्यांनी हिंदीत लिहिले, आणि त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत. एका उंबऱ्यातून दोन साहित्यांकडे वाटा फुटल्या.

आज चित्र उलटले आहे. रायपूरच्या अनेक मराठी घरांत नातवंडांची पहिली भाषा हिंदी झाली आहे आणि मराठीच दुसरी. नातू ‘ज्ञानेश्वर’चा उच्चार ‘ग्यानेश्वर’ असा करतो, ‘बाळ’चा ‘बाल’ करतो, ‘चाक’ आणि ‘चार’ यांतील ‘च’ एकच समजतो. आजीला वाटते, पोर हातचे गेले. येथे आजीने त्या जुन्या हिंदी शिक्षकाची भूमिका घेऊ नये. नातवाच्या हिंदीला दोष देत शिकवलेली मराठी त्याला शिक्षाच वाटेल, मराठी अर्थाने. त्याऐवजी ‘हम’ आणि ‘हम’ यांत जो भेद हिंदी दाखवत नाही, तो मराठी दाखवते, एवढे त्याला सांगावे: ऐकणाऱ्याला सामावून घेते ते ‘आपण’, वगळते ते ‘आम्ही’. नातू बहुधा म्हणेल, मित्रांत आम्हीही ‘अपन’ म्हणतो. तेथून पाठ सुरू करता येईल.