हातचं पाणी

१९७८ साली मी सातपूरच्या एका कारखान्यात फिटरचा हेल्पर म्हणून लागलो. बा नाशिकरोडला फुटपाथवर चपला शिवायचा. कारखान्यात माठावरच्या फळीवर सगळ्यांचे गिलास. माझा एकट्याचा खाली, खिळ्याला. कोणी काही बोललं नाही. बोलावं लागतंच कुठं?

बाबासाहेब २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्याचं पाणी प्यायले. आमच्याच नाशकात २ मार्च १९३० ला काळारामाचा सत्याग्रह सुरू झाला. आणि १९७८ साली माझा गिलास खिळ्याला.

फोरमन पेटीतल्या स्क्रेपरला मला हात लावू देईना. लोखंड कापलं की कडेला बर राहते, ती खरवडायची कशानं? भंगारातली कानस उचलली तर चोरीचा आळ यायचा. म्हणून भंगारवाल्याकडून आठ आण्याला एक झिजलेली तिकोनी कानस घेतली.

बा हसला. त्याची रापीसुद्धा अशीच जुन्या कानशीची. रात्री शेगडीत कोळसे फुंकून कानस लालभडक केली नि राखेत पुरून ठेवली. सकाळी ती नरम. दुसऱ्या कानशीनं दात उतरवले, टोकाशी तीन धारा काढल्या. मग टोक पुन्हा लाल करून पाण्यात बुडवलं. चर्रर्र झालं. मला वाटलं, झालं काम.

बा म्हणाला, "आरं, आता ते काचंवानी हाय. पडलं का मोडंल. घासून पांढरं कर नि मागनं ऊब दे. रंगावर नजर ठेव. गव्हाच्या काडावानी पिवळं दिसलं का बुडव. निळं पडलं का पाणी उतरलं."

पहिल्या खेपेला निळं पडलं. सगळं पुन्हा केलं. दुसऱ्या खेपेला साधलं. शेपटीवर बाभळीचा दांडा ठोकला.

महिनाभरात फोरमनच्या स्क्रेपरची धार गेली. माझं हत्यार त्यानं न विचारता उचललं, बर काढली, अंगठ्यावर धार बघितली. म्हणाला, "पाणी झकास दिलंय रे. कुणी दिलं?"

"आम्हीच दिलं. बानं आन् मी."

तो काहीच बोलला नाही. स्क्रेपर त्यानं आपल्या पेटीत टाकलं, उठला, फळीवरचा गिलास घेऊन पाणी प्याला.

मी पेटी उघडली. माझं स्क्रेपर काढून घेतलं. मग खिळ्याचा गिलास काढला, माठात बुडवला, पाणी प्यालो, नि तो फळीवर सगळ्यांच्या रांगेत ठेवला.

आज बा नाही. स्क्रेपर आहे. पाणी अजून उतरलेलं नाही.