चिखलातला श्वास

मी कला शाखेचा. पेशींचे शास्त्र मी सांगावे हे गमतीचेच. पण आमच्या भंडाऱ्यात धान पिकते आणि माझी फी आईच्या रोवणीच्या मजुरीतून भरली जाते. प्राणवायू असल्यास ग्लुकोजच्या एका रेणूपासून पेशीला सुमारे ३० एटीपी, म्हणजे ऊर्जेची सुटी नाणी, मिळतात; नसल्यास केवळ २. मग पाणी साचलेल्या बांधीत मुळांना प्राणवायू मिळायचा कुठून? धानाच्या खोडात पोकळ वाटा असतात. त्यांतून हवा खाली उतरते. गव्हाला हे फारसे साधत नाही.

त्याच चिखलात आई दिवसभर वाकलेली असते, सकाळी खाल्लेल्या शिळ्या भातावर. त्या भाताच्या ग्लुकोजमधली निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णता होऊन जाते. पावसात भिजून ती परतते, तेव्हाही तिचा हात ऊबदार लागतो.