आमचा शहाणा पंखा

आपला यवतमाळ जिल्हा कापसासाठी प्रसिद्ध आहे, तसाच उन्हासाठीही! मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. म्हणून तर विदर्भातल्या शाळा इतर महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. अशा दिवसांत पंखा ही चैन नव्हे, गरज आहे.

माझी आजी सत्तरीच्या पुढची आहे. तिला उकाडा सोसत नाही. रात्री वीज गेली की कुलर बंद, पंखाही बंद. मग आजी घामाघूम होते. "लय जीव कासावीस होते वं बाई," असे म्हणत उठून बसते. डॉक्टरांनी तर बजावूनच सांगितले होते की, आजीला रात्रभर वारा लागला पाहिजे.

माझा दादा यवतमाळच्या शासकीय तंत्रनिकेतनात शिकतो. उन्हाळ्यात फवारणी पंप रिकामाच पडून असतो. दादाने त्याची १२ व्होल्टची बॅटरी काढली आणि तिच्यावर एक छोटा पंखा जोडला. पंखा सुरू झाला, पण तो सारखा भरधाव चाले. बॅटरी जुनी. रात्री दोन वाजले की ती मान टाकी. मग पहाटेपर्यंत आजी जागीच!

वेग कमी केला तर बॅटरी पुरेल, हे कळत होते. पण झोपेतून उठून बटण फिरवणार कोण? दादा म्हणाला, "पंख्यालेच अक्कल शिकवू."

त्याने आर्डुइनो नावाची एक पाटी आणली. ती आपल्या तळहातावर मावते. २००५ साली इटलीत विद्यार्थ्यांसाठी अशी पाटी प्रथम तयार झाली. तिच्यावर मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एक इवलासा संगणक असतो. मोठ्या संगणकावर सूचना लिहायच्या आणि वायरीने त्यात भरायच्या. एकदा भरल्या की वीज गेली तरी तो विसरत नाही.

आता गंमत ऐका. हा संगणक पंख्याची वीज कमी दाबाने सोडत नाही. तो ती चालू-बंद, चालू-बंद करतो, तेही सेकंदाला सुमारे ४९० वेळा! हे बटणाचे काम ट्रान्झिस्टर करतो. सायकलला पायडल मारून आपण थांबलो तरी सायकल पुढे जातेच ना? तसाच पंखा मधल्या क्षणी आपल्या गतीने फिरत राहतो. 'चालू' वेळ जास्त तर वेग जास्त, कमी तर वेग कमी.

खोलीची उष्णता मोजायला एक छोटा सेन्सर लावला. ३६ अंशांच्या वर पंखा पूर्ण वेगाने चालतो आणि ३० अंशांवर वेग निम्मा होतो. मात्र बंद पंखा कमी विजेवर हलतच नाही. म्हणून दादाने सूचना लिहिली की, आधी एक सेकंद पूर्ण जोर द्यायचा, मग हळू करायचे.

वेग निम्मा केला तर वीज किती लागेल? मला वाटले, निम्मी. पण दादाने गणित सांगितले. वेग दुप्पट केला की दुप्पट हवा ढकलावी लागते आणि त्या हवेला दुप्पट वेग द्यायला चौपट शक्ती लागते. दोन चोक आठ! म्हणजे निम्म्या वेगाला जवळजवळ आठवा हिस्साच वीज पुरते. घर्षणामुळे थोडी जास्त लागते, एवढेच. आपण शिकलेला २ चा घन असा घरी कामाला आला.

मोठ्या पंख्यांतही आता अशीच अक्कल आली आहे. मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या मनोज मीना आणि सिबब्रत दास यांनी २०१२ साली ॲटमबर्ग कंपनी सुरू केली. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो. त्यांच्या पंख्याला सुमारे २८ वॅट पुरतात. त्याच्या मोटारीला इवला संगणकच फिरवतो.

आता आमची बॅटरी सकाळपर्यंत टिकते. पंखा हळू झाला की बारीक गुणगुणतो. आजी म्हणते, "हा पंखा रातभर भजन म्हणते वं!" आणि डोळे मिटून घेते.

बालमित्रांनो, घरच्या २३० व्होल्टच्या विजेशी असला खेळ कधीही करू नका. प्रयोग लहान बॅटरीवरच करा, तोही मोठ्यांसमोर. आणि घराघरांतल्या आजी-आजोबांना रात्री वारा लागतो की नाही, हे जरूर पहा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी